फ्रेडरिक डग्लस व स्वातंत्र्याचीं स्मारकें

थोर पुरुषांचे पुतळे आपण पुष्कळ शहरांतून पाहतों. पुतळा कोणाचा, हें आपण विचारतों. परंतु तो कोणाच्या पैशानें उभारला, त्यांत कोणास उभें केलें व कोणास खालीं बसविलें, हें सहसा विचारीत नाहीं. ज्यांनीं आपल्या राष्ट्रास हे प्रश्न विचारले, त्या फ्रेडरिक डग्लस ह्यांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मेरीलँड संस्थानांत इ. स. १८१८ मध्यें एका गुलाम स्त्रीच्या पोटीं फ्रेडरिकचा जन्म झाला. आपली जन्मतिथि त्यास कधींच कळली नाहीं. त्याची आई हॅरिएट बेली हिला दूरच्या शेतावर कामास लावलें होतें. दिवसभर राबून ती रात्रीं बारा मैल पायीं चालत येई, मुलाजवळ घटकाभर निजे आणि उजाडण्यापूर्वीं परत जाई. कारण सूर्योदयास शेतावर हजर नसणारास फटके बसत. तो सुमारें सात वर्षांचा असतां ती वारली.

पुढें त्यास बाल्टिमोर शहरीं ह्यू ऑल्ड नांवाच्या गृहस्थाकडे धाडण्यांत आलें. तेथील मालकीण सोफाया ही स्वभावानें प्रेमळ होती. तिनें त्यास मुळाक्षरें शिकविण्यास आरंभ केला. पण तिच्या पतीनें ताबडतोब मनाई केली. गुलाम वाचूं लागला कीं तो गुलाम म्हणून निरुपयोगी होतो, असें त्याचें मत होतें. मालकास ज्या गोष्टीची इतकी धास्ती वाटते, तिच्यांतच आपली सुटका आहे, हें फ्रेडरिक त्या मनाईवरूनच उमजला. रस्त्यावरील गरीब गोऱ्या मुलांस पावाचा तुकडा द्यावा व मोबदला म्हणून वाचन शिकून घ्यावें, असा क्रम त्यानें ठेवला. जहाजांच्या कारखान्यांत सुतार लांकडांवर खुणेचीं अक्षरें लिहीत. तीं गिरवून तो लिहावयास शिकला. पन्नास सेंट जमवून त्यानें भाषणांचें एक पुस्तक विकत घेतलें व तें पुन्हां पुन्हां वाचलें. आमच्या विद्यार्थ्यांस पुस्तकें आयतीं मिळतात. त्यांनीं हा प्रसंग विशेष ध्यानांत ठेवावा.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यास एडवर्ड कोव्ही नांवाच्या शेतकऱ्याच्या हवालीं केलें. हट्टी गुलामांस मारून नरम करणें ही ह्याची ख्याति! हा मनुष्य प्रार्थनेस न चुकणारा होता, आणि तरी पहिल्या सहा महिन्यांत फटक्यांवांचून क्वचितच एखादा आठवडा जाई. ख्रिस्ताचा धर्म व गुलाम बाळगणाऱ्यांचा धर्म ह्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे, असें डग्लस ह्यांनीं पुढें निर्भयपणें लिहिलें. आम्हां ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांस तें आजहि विसरून चालणार नाहीं. इ. स. १८३४ मध्यें एके दिवशीं कोव्ही त्यास बांधूं लागला असतां फ्रेडरिकनें त्याचा गळा धरला. सुमारें दोन तास झटापट चालली. त्यानंतर कोव्हीनें त्यास पुन्हां कधीं फटके मारले नाहींत. देह गुलामींतच होता, पण मन त्या दिवसापासून ताठ उभें राहिलें.

इ. स. १८३८ च्या सप्टेंबरच्या ३ तारखेस खलाशाचा पोशाख करून व एका स्वतंत्र कृष्णवर्णी खलाशाचे कागद उसने घेऊन तो आगगाडींत चढला. कागदांतील वर्णन त्याच्याशीं नीट जुळत नव्हतें. तपासनिसानें बारकाईनें पाहिलें असतें तर सर्व संपलें असतें. गाड्या व आगबोटी बदलीत चोवीस तासांच्या आंत तो न्यूयॉर्क येथें पोंचला. पलायनास साह्य करणारी अॅना मरे मागून आली व दोघांचा विवाह झाला. ओळख लपविण्यासाठीं त्यांनीं पुढें डग्लस हें आडनांव घेतलें.

इ. स. १८४१ पासून डग्लस गुलामगिरीविरुद्ध व्याख्यानें देऊं लागले. इतकें शुद्ध बोलणारा मनुष्य गुलाम होता, ह्यावर कित्येकांचा विश्वास बसेना, तेव्हां इ. स. १८४५ मध्यें त्यांनीं आपलें आत्मचरित्र मालकांच्या खऱ्या नांवांसह छापलें. धरले जाण्याचें भय वाढल्यामुळें ते आयर्लंड व इंग्लंडांत गेले. तेथील मित्रांनीं १५० पौंड भरून त्यांस कायदेशीर रीतीनें मुक्त केलें. परत आल्यावर इ. स. १८४७ मध्यें रॉचेस्टर शहरीं त्यांनीं स्वतःचें वृत्तपत्र सुरू केलें. यादवी युद्धांत मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीसाठीं त्यांनीं कृष्णवर्णी तरुण मिळविले. त्यांचे दोन मुलगेहि तींत दाखल झाले. इ. स. १८६५ मध्यें घटनेच्या तेराव्या दुरुस्तीनें गुलामगिरी नष्ट झाली.

आतां स्मारकांकडे वळूं. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीचें सर्वांत प्रसिद्ध चित्र इ. स. १७८७ मध्यें इंग्लंडांत जोसाया वेजवुड ह्या मातीकाम करणाऱ्या कारखानदारानें एका लहान पदकावर काढविलें. त्यांत बेड्या घातलेला एक कृष्णवर्णी पुरुष गुडघे टेकून, हात जोडून विनवीत आहे. हेतु चांगला होता, आणि त्या पदकानें सहस्रावधि अंतःकरणें हलविलीं. परंतु त्यामुळें एक संवय जडली. गुलाम म्हटला कीं तो गुडघ्यांवर, आणि मुक्तिदाता मात्र उभा!

लिंकनच्या हत्येनंतर शार्लट स्कॉट नांवाच्या, गुलामींतून सुटलेल्या एका स्त्रीनें त्याच्या स्मारकासाठीं आपल्या मिळकतींतून पांच डॉलर दिले. पुढें मुक्त झालेल्या लोकांनीं व कृष्णवर्णी सैनिकांनीं भर घालून निधि जमविला. मात्र स्मारकाचा आकार ठरविला गोऱ्या मंडळानें. टॉमस बॉल ह्या शिल्पकारानें घडविलेल्या ब्राँझच्या मूर्तींत लिंकन उभा असून त्याचा हात एका अर्धवट गुडघ्यांवर असलेल्या कृष्णवर्णी पुरुषावर पसरलेला आहे. पुरुषाच्या बेड्या तुटल्या आहेत, पण तो उठलेला नाहीं.

इ. स. १८७६ च्या एप्रिलच्या १४ तारखेस वॉशिंग्टन येथें राष्ट्राध्यक्ष ग्रँट ह्यांच्या समक्ष ह्या स्मारकाचें अनावरण झालें. मुख्य वक्ते डग्लस होते. त्यांनीं लिंकनची पोकळ स्तुति केली नाहीं. तो प्रथमतः गोऱ्यांचा अध्यक्ष होता व मुक्तीच्या कामीं आम्हांस तो मंद वाटला. तथापि त्याच्या देशबांधवांच्या मतांच्या मानानें पाहतां तो पुष्कळ पुढें व दृढ होता, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. कृतज्ञता व सत्य ह्यांचा असा मेळ आम्हांस क्वचितच आढळतो. पुढें थोड्याच दिवसांत त्यांनीं एका वृत्तपत्रास पत्र लिहिलें. कोणतेंहि एक स्मारक संपूर्ण सत्य सांगूं शकत नाहीं. चतुष्पादाप्रमाणें बसलेला नव्हे, तर मनुष्याप्रमाणें पायांवर उभा असलेला कृष्णवर्णी मनुष्य दाखविणारें स्मारक मरण्यापूर्वीं पाहावें, अशी आपली इच्छा आहे. आणि त्याच उद्यानांत दुसऱ्या स्मारकास जागा आहे, असें त्यांनीं सुचविलें. विस्मृतींत गेलेलें हें पत्र इ. स. २०२० मध्यें इतिहाससंशोधकांनीं पुन्हां उजेडांत आणलें.

स्वतःच्या प्रतिमेविषयीं डग्लस फार दक्ष होते. त्यांचीं सुमारें १६० छायाचित्रें ज्ञात असून त्या शतकांतील दुसऱ्या कोणाहि अमेरिकनाचीं इतकीं छायाचित्रें निघालीं नाहींत असें मानितात. त्यांत ते गंभीर मुद्रेनें सरळ बसलेले वा उभे दिसतात.

इ. स. १८९५ च्या फेब्रुवारीच्या २० तारखेस, स्त्रियांच्या हक्कांसंबंधींच्या एका सभेस जाऊन आल्यावर ते घरीं एकाएकीं मरण पावले. इच्छिलेलें स्मारक त्यांस दिसलें नाहीं. पण दोनच वर्षांनीं बोस्टन येथें सेंट गॉडन्स ह्या शिल्पकाराचें ५४ व्या पलटणीचें स्मारक उघडलें गेलें. त्यांत सेनापति शॉ घोड्यावर आहे खरा. परंतु त्याच्या बाजूनें कृष्णवर्णी शिपाई बंदुका खांद्यांवर घेऊन चालत आहेत, व प्रत्येकाचा चेहरा निराळा आहे. इ. स. १८९९ मध्यें रॉचेस्टर येथें डग्लस ह्यांचाच उभा पुतळा बसविण्यांत आला. इ. स. १९७४ मध्यें वॉशिंग्टनच्या त्याच उद्यानांत शिक्षिका मेरी मॅक्लाउड बेथ्यून ह्यांचा दोन मुलांसह उभा पुतळा आला, आणि लिंकनची मूर्ति फिरवून त्याच्या समोर करण्यांत आली. बोस्टनमधील बॉलच्या शिल्पाची प्रतिकृति इ. स. २०२० मध्यें काढण्यांत आली. वॉशिंग्टनमधील मूळ शिल्प जागेवरच राहिलें.

ह्या स्मारकमालिकेंत महाराष्ट्राचाहि वांटा आहे. पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले जोतीराव फुले ह्यांनीं इ. स. १८७३ मध्यें आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांस मुक्त केल्याबद्दल संयुक्त संस्थानांतील सज्जनांस अर्पण केला, व आपल्या देशांतील शूद्रांच्या मुक्तीस तोच कित्ता व्हावा अशी आशा व्यक्त केली. तें स्मारक दगडाचें नव्हे, कागदाचें. पण तेंहि दुसऱ्यास उठविण्यासाठींच उभारलेलें होतें.

विद्यार्थीमित्रांनो, पुढें एखादें स्मारक पाहाल तेव्हां त्यांत कोण उभें आहे व कोण वांकलेलें आहे, हें अवश्य पाहा. ज्यांस साह्य करावयाचें त्यांस आपल्या पायांशीं नव्हे, तर आपल्या बरोबरीनें उभें राहूं द्यावें, हाच डग्लस ह्यांच्या चरित्राचा बोध आहे. तो आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलामुलीच्या अंगीं बाणो, अशी आमची इच्छा आहे.