सिडने कॉटन : बंदुका काढणारा आणि बंदुका आणणारा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. घरात पुस्तके नव्हती, आजीच्या आठवणी मात्र होत्या. 1948 साली ती सहा-सात वर्षांची होती. आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा उस्मानाबाद या नावाने निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या धाकाने तिच्या वडिलांनी बैलगाडीत बिऱ्हाड घालून सोलापूरचा रस्ता धरला. निजामाला रात्री विमानातून बंदुका येतात, अशी तेव्हा बोलवा होती म्हणे. मला ती भाकडकथा वाटे. पुढे इतिहासाच्या अभ्यासात सिडने कॉटन हे नाव भेटले आणि मी चमकलो.

हा वैमानिक ऑस्ट्रेलियाचा. जन्म 1894 चा. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिश आरमाराच्या विमानदलात शिरला. तेव्हाची विमाने उघडी असत, वर गेले की वैमानिक गारठून जात. एकदा इंजिन दुरुस्त करताना घातलेल्या तेलकट कपड्यांतच तो उडाला. बाकीचे कुडकुडत उतरले, हा मात्र उबदार! तेलाने बुजलेल्या कापडातून वारा आत शिरला नाही, हे त्याने ओळखले आणि तसा पोशाख शिवून घेतला. त्याच्याच नावावरून ‘सिडकॉट’ म्हणून तो जगभर वापरला गेला.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तो व्यापारी म्हणून जर्मनीत हिंडे. त्याच्या लॉकहीड विमानाच्या तळाशी कॅमेरे दडवलेले असत. केबिनमधली ऊबदार हवा भिंगांवरून जाई, म्हणून ती धुरकटत नसत. केसेलरिंग या जर्मन सेनापतीलाही आपण याच विमानातून फिरवले, असे त्याने आठवणींत सांगितले आहे. त्यात थोडी फुशारकी असावी, असे मला वाटते. युद्ध पेटल्यावर त्याने स्पिटफायर विमानांतील बंदुका काढून कॅमेरे बसवले, फटी बुजवल्या आणि पत्रा घासून गुळगुळीत केला. विमान हलके झाले, वेग वाढला, शत्रूच्या हाती लागेना. वरिष्ठांशी मात्र त्याचे पटले नाही. 1940 मध्ये त्याला त्या कामावरून दूर केले गेले.

आणि मग 1948. भारताने हैदराबादची नाकेबंदी केली होती. कॉटनने शस्त्रे पोचवण्याचे काम पत्करले. लँकॅस्टर या बाँबफेकी विमानावरून बनवलेली लँकॅस्ट्रियन ही प्रवासी विमाने त्याने घेतली. चार इंजिनांची ही विमाने कराचीहून बीदर, वरंगळकडे रात्री येत. ज्याने विमानातल्या बंदुका काढून नाव मिळवले, त्याच्याच विमानांच्या पोटात आता बंदुका होत्या. नाकेबंदीने हैदराबादची गळचेपी होते आहे, अशी त्याची समजूत होती. असेलही. पण आकाशातून शत्रूची बंदरे नि विमानतळ टिपणाऱ्या या माणसाला खालच्या रस्त्यावरून सोलापूरकडे निघालेल्या बैलगाड्या दिसल्या नाहीत, याचा राग माझ्या मनातून जात नाही. त्याच्या हुशारीचे कौतुक वाटते, तेही जात नाही.

शस्त्रांचा उपयोग झाला नाही. 13 सप्टेंबरला भारतीय सैन्य सोलापूरकडून निघाले आणि त्याच दिवशी आमच्या नळदुर्गचा पूल शाबूत हाती आला. 17 तारखेला निजाम शरण आला. कॉटनला पुढे लंडनच्या न्यायालयात दंड झाला. 1969 मध्ये तो वारला. राल्फ बार्कर यांनी लिहून घेतलेल्या त्याच्या आठवणी त्याच वर्षी निघाल्या.

मरणानंतर 50 वर्षांनी त्याचे नाव पुन्हा लंडनच्या न्यायालयात निघाले. सप्टेंबर 1948 मध्ये निजामाच्या खात्यातून पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे सुमारे दहा लाख पौंड वळवले गेले होते. ते शस्त्रांपोटी होते, असाही पाकिस्तानचा दावा होता. 2019 मध्ये निकाल लागला; तो दावा फेटाळला गेला. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती.

आजीला हे सारे सांगितले. पौंडांचे तिला काही वाटले नाही. रात्रीच्या विमानांची बोलवा खरी होती, एवढेच तिने दुसऱ्या दिवशी साऱ्या गल्लीला सांगितले.