पहिली सुई स्वतःला

थर्ड इयरच्या सेमिनारला मला विषय मिळाला होता बायोसेन्सर्स. म्हणजे हवेतले घातक जंतू झटपट ओळखणारी यंत्रं. पहिल्याच स्लाइडवर मी २००१ सालची अमेरिकेतली अँथ्रॅक्सची पाकिटं टाकली. टपालातून आलेली पावडर, पाच मृत्यू आणि कुठेही पांढरी पूड दिसली की घाबरणारी माणसं. वॉशिंग्टनमध्ये संसदेतल्या कर्मचाऱ्यांना लगेच औषधं मिळाली, पण ज्या टपाल केंद्रातून ती पाकिटं गेली ते चालूच ठेवलं गेलं. तिथले दोन कर्मचारी दगावले. पुढे त्या कामगारांना लस देऊ केली, तर बहुतेकांनी ती घेतलीच नाही.

सरांनी शेवटी एकच प्रश्न विचारला. तुझं यंत्र खरं सांगेल, पण ते वाचून दाखवणाऱ्या साहेबावर लोक विश्वास ठेवतील का? माझी बोलती बंद! मार्क्स मिळाले, उत्तर मात्र राहून गेलं.

ते उत्तर शोधताना मला एक माणूस भेटला. माझ्या मामाचं घर परळला. बसमधून जाताना हाफकिन इन्स्टिट्यूटची पाटी मी लहानपणापासून पाहत आलेय. हाफकिन म्हणजे कुणीतरी इंग्रज गव्हर्नर असणार, असंच मला वाटायचं. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा हा परिणाम, माझ्या मराठीतल्या चुकांसकट पोटात घाला!)

वाल्डेमार हाफकिन इंग्रज नव्हताच. तो १८६० साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात जन्मला. तेव्हा तिथे रशियाच्या झारचं राज्य होतं. ज्यू वस्त्यांवर हल्ले व्हायचे आणि ते अडवायला उभ्या राहिलेल्या तरुणांत तोही होता. त्यासाठी त्याला अटक झाली. सोडवलं ते त्याचे प्राध्यापक मेचनिकॉव्ह यांनी. धर्म बदलला असता तर विद्यापीठात नोकरी मिळाली असती. तो बदलला नाही. शेवटी पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला, तेही आधी ग्रंथालयातला मदतनीस म्हणून! तिथेच त्याने कॉलऱ्याची लस बनवली आणि जुलै १८९२ मध्ये पहिल्यांदा ती स्वतःलाच टोचून घेतली.

१८९३ साली तो भारतात आला. कलकत्त्याच्या वस्तीत लोकांनी दगड मारून त्याचं स्वागत केलं. त्याने सर्वांसमोर स्वतःला सुई टोचून घेतली आणि मग हळूहळू लोक पुढे येऊ लागले. त्याची एक सवय मला फार आवडली. एकाच घरातल्या, एकाच वस्तीतल्या टोचलेल्या आणि न टोचलेल्या लोकांचा तो वेगवेगळा हिशेब ठेवायचा. आपण लॅबमध्ये रीडिंग्ज घेतो ना, तस्संच.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. तो ओळखला मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. सरकारने हाफकिनला मुंबईला पाठवलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला मिळाली एक लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई-मदतनीस. आपल्या प्रोजेक्ट ग्रुपपेक्षाही कमी सोय!

बाहेर शहरात काय चाललं होतं ते वाचून अंगावर काटा येतो. राणीच्या पुतळ्याला कुणी काळं फासलं म्हणून सरकार सूड घेतंय आणि त्यासाठी इस्पितळात माणसं मारून त्यांची काळजं काढतायत, अशी अफवा होती. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांनी ऑर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. लशीबद्दल तर काय काय बोललं जायचं! सुई वारभर लांब असते, टोचली की माणूस जागीच मरतो, वाचलाच तर त्याला मूल होत नाही.

हे सगळे अडाणी होते, असं मलाही आधी वाटलं. मग पुण्याची हकिकत वाचली. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला वाट्टेल ते अधिकार मिळाले. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरत, सामान बाहेर काढून जाळत, माणसांना छावणीत नेत. त्याच मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. ज्या सरकारचा सोल्जर माजघरात शिरतो, त्याच सरकारच्या डॉक्टरची सुई लोकांनी डोळे मिटून का घ्यावी? अफवा खोट्या होत्या, पण भीती खोटी नव्हती.

या गदारोळात १० जानेवारी १८९७ ला हाफकिनने प्लेगची नवी लस स्वतःला टोचून घेतली. डोस इतरांपेक्षा बराच मोठा! ताप आला, अंग दुखलं, पण तो उठून कामाला लागला. मग भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांवर प्रयोग झाला. कैदी खरंच नाही म्हणू शकत होता का, हा प्रश्न मला अजून टोचतो. आगाखानांनी आपला बंगला प्रयोगशाळेला दिला आणि लोकांसमोर लस टोचून घेतली. त्यांना पाहून खोजा समाजातले खूप लोक पुढे आले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. म्हणजे माझ्या मामाच्या बसस्टॉपजवळ!

आणि मग घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मुल्कोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली, त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतले, ५३ एन. चौकशी समितीने ठपका ठेवला मुंबईच्या प्रयोगशाळेवर. हाफकिनला कामावरून दूर केलं. प्रत्यक्षात गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता वापरला गेला. त्याच दिवशी बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्या कुणालाही काही झालं नव्हतं. हा साधा हिशेब मान्य व्हायला १९०७ साल उजाडलं, तेही रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी वर्तमानपत्रातून आवाज उठवल्यावर. आधी लोकांचा विश्वास नव्हता, आता सरकारचाही उडाला!

तो परत कलकत्त्याला आला, पण पूर्वीचं काम आणि मान परत मिळाला नाही. १९१५ च्या सुमारास निवृत्त होऊन तो युरोपात गेला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्याचं नाव दिलं. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे तो वारला.

आता माझ्या घरची गोष्ट. माझी आजी साताऱ्याकडच्या खेड्यातली. प्लेगात अख्खं गाव रानात झोपड्या बांधून राहिलं होतं, हे तिने तिच्या आजीकडून ऐकलेलं. २०२१ मध्ये कोरोनाची लस आली तेव्हा ती हटूनच बसली. मी दहावीतली शहाणी! फोनवर तिला अडाणी म्हणाले. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर दोन रविवार तिने माझ्याशी बोलायचं टाळलं. शेवटी तिने लस घेतली ती गावातल्या आशाताईंमुळे. त्या रोज ओट्यावर येऊन बसायच्या. स्वतः लस घेतली, दुसऱ्या दिवशी ताप अंगात घेऊन आजीला भेटायला आल्या, आणि ताप येतो हे लपवलं नाही.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं, असं वाटतं. विश्वास हुकमाने येत नाही. जो आधी स्वतः धोका पत्करतो, आकडे उघडे ठेवतो आणि आपल्या ओट्यावर येऊन बसतो, त्याचं लोक ऐकतात. उद्या आपल्यापैकी कुणी इंजिनीअर होईल, कुणी साहेब. आपण बनवलेल्या यंत्राला लोक घाबरले, तर त्यांना हसण्याआधी ते का घाबरले हे विचारूया.

या दिवाळीत गावी गेले तेव्हा आजीला हाफकिनची गोष्ट सांगितली. आणि त्या शब्दाबद्दल माफीही मागितली. चार वर्षं उशिरा का होईना!