पुण्यतिथी विशेष : ज्युबिलीच्या वर्षात अमरावतीत काँग्रेस भरवणारे दादासाहेब खापर्डे

भातकुली : दादासाहेब खापर्डे म्हटलं की आज बऱ्याच जणांना त्यांची शिर्डीची डायरी आठवते. पण साईबाबांच्या दर्शनाला जाण्याच्या तेरा वर्षं आधी या माणसानं वऱ्हाडासाठी काय केलं, हे आपल्या तालुक्यातल्या पोरांना फारसं माहीत नाही. १ जुलै ही त्यांची पुण्यतिथी.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचा जन्म १८५४ चा. त्याच्या आदल्याच वर्षी कर्जापोटी निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं होतं. वकिली शिकून दादासाहेब सरकारी नोकरीत शिरले. मुन्सफ झाले, असिस्टंट कमिशनर झाले. मात्र १८९० मध्ये नोकरी सोडून त्यांनी अमरावतीत वकिली सुरू केली. पैसा आणि नाव दोन्ही मिळालं. त्यांचा थाट पाहून लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणायचे.

मग आलं १८९७ साल. राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून २२ जूनला लंडनमध्ये भव्य मिरवणूक निघाली. साम्राज्याच्या देशोदेशीच्या फौजा तिच्यात चालल्या. आपले घोडेस्वारही होते. इकडे देशात दुष्काळ अन् प्लेग. त्याच रात्री पुण्यात गणेशखिंडीत ज्युबिलीचा समारंभ आटोपून निघालेल्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. पुढं सप्टेंबरमध्ये केसरीतल्या लिखाणावरून टिळकांना राजद्रोहाची दीड वर्षाची शिक्षा झाली.

सरकारची नजर अशी कडक असताना डिसेंबरात काँग्रेसचं तेरावं अधिवेशन अमरावतीत भरलं. अध्यक्ष शंकरन नायर आणि स्वागताध्यक्ष आपले दादासाहेब. टिळक तुरुंगात होते, पण मंडपात सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी त्यांची आठवण काढलीच. टिळकांच्या मित्रानं अशा वर्षी स्वागताध्यक्ष होणं ही साधी गोष्ट नव्हती.

भातकुली तेव्हा अमरावती तालुक्यातलंच गाव. इकडचा कापूस रेल्वेनं मुंबईला, तिथून जहाजानं परदेशी जायचा. कापसानं पैसा दिला खरा, पण कापूस काही खाता येत नाही. १८९९-१९०० चा दुष्काळ पडला तेव्हा धान्य महागलं आणि मजुरी बुडाली. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती, ती १९०१ च्या मोजणीत साडेसत्तावीस लाखांवर आली. ज्युबिलीनंतरच्या अवघ्या चार वर्षांतली ही मोजणी.

दादासाहेब शेवटपर्यंत टिळकांच्या बाजूनं राहिले. १९०७ ला सुरतेत ते टिळकांसोबत होते. १९०८ मध्ये टिळकांना मंडालेला धाडलं, तेव्हा वकिली बाजूला ठेवून त्यांच्या अपिलासाठी ते इंग्लंडला गेले. दोन वर्षं खटपट केली, पण यश आलं नाही. परतताना मंडालेच्या तुरुंगात मित्राची भेट घेऊनच ते मायदेशी आले.

टिळक गेल्यावर गांधीजींचा असहकार त्यांना पटला नाही. ते कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये गेले आणि लोकांच्या चळवळीपासून बाजूला पडले. कदाचित म्हणूनच पुढं त्यांचं नाव मागं राहिलं. १९३८ मध्ये ते वारले.

ज्युबिलीच्या मिरवणुकीचे फोटो आजही पाहायला मिळतात. दुष्काळात गेलेल्या आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या पिढीचे फोटो कुठं नाहीत. त्या वर्षांत वऱ्हाडात देशाचा मंडप उभारणाऱ्या माणसाची निदान १ जुलैला तरी आठवण ठेवू.