पाषाणाच्या खोऱ्यांतील पाळक

फ्रान्स देशाच्या पूर्व भागांत व्होज नांवाचा पर्वत आहे. त्यांतील एका उंच खोऱ्यास जर्मन भाषेंत स्टाइनटाल, म्हणजे पाषाणाचें खोरें, असें नांव आहे. फ्रेंच लोक त्यास बां द ला रोश म्हणतात. हिंवाळा लांब, माती पातळ, आणि सतराव्या शतकांतील युद्धांनीं उद्ध्वस्त केलेलीं कांहीं खेडीं, असें तें खोरें होतें. बटाटा हेंच लोकांचें मुख्य अन्न. ज्या वर्षीं तो बुडे त्या वर्षीं रानांतील फळांवर व पाल्यावर दिवस काढावे लागत. जॉन फ्रेडरिक ओबर्लिन हे १७६७ सालीं ह्या खोऱ्यांतील वाल्डर्सबाख गांवीं पाळक होऊन आले, तेव्हां त्यांचें वय सव्वीस वर्षांचें होतें.

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७४० रोजीं स्ट्रासबुर्ग शहरांत एका शिक्षकाच्या घरीं झाला. त्यांच्या पूर्वींचे पाळक स्टूबर ह्यांनीं खोऱ्यांतील शाळा सुधारून मुलांस वाचावयास शिकविलें होतें. स्टूबर ह्यांस शहरांतील मंडळीचें बोलावणें आलें, तेव्हां आपल्या जागीं योग्य मनुष्य शोधीत ते ओबर्लिन ह्यांच्या लहानशा खोलीवर गेले. ओबर्लिन दांतदुखीनें अंथरुणावर पडले होते, व भोंवतीं कागदाचा पडदा लाविलेला होता. ज्याला इतक्या थोड्यांत राहतां येतें तोच त्या डोंगरांत टिकेल, हें स्टूबर ह्यांनीं ताडलें.

नव्या पाळकांस लौकरच कळून आलें कीं, वाचतां येणारें मूलही उपाशी निजतें. त्यांनीं शेतीच्या व रस्त्याच्या गोष्टी काढल्या, तेव्हां पुष्कळांस राग आला. पाळकानें उपदेश करावा, आमच्या वावरांत कां यावें, असा त्यांचा भाव. कित्येकांनीं त्यांस वाटेंत गांठून मार देण्याचा बेत केला. तो बेत ऐकून ओबर्लिन एकटेच त्या लोकांच्या बैठकींत जाऊन उभे राहिले, व तुमच्या हातीं आलों आहें असें म्हणाले. कोणाचाही हात उठला नाहीं.

खोऱ्याचें खरें दुःख वाटेचें होतें. ब्रूश नदीच्या कांठानें जी पायवाट होती ती पुरांत व बर्फांत बंद होई. मग माल शहरांत जाईना, आणि शहरांतून एक कुदळही येईना. खडक फोडून व नदीच्या बाजूस भिंत बांधून गाडीरस्ता करूं, असें ओबर्लिन ह्यांनीं सांगितलें, तेव्हां लोकांनीं तें अशक्य म्हणून सोडून दिलें. पाळकांनीं वाद घातला नाहीं. स्वतःच्या खांद्यावर कुदळ टाकून ते निघाले व अवघड जागीं स्वतः खणूं लागले. पाहणाऱ्यांस लाज वाटली, आणि एकेक जण हत्यार घेऊन आला. स्ट्रासबुर्गच्या मित्रांनीं पैसे पाठविले. रस्ता झाला, रोतो गांवाजवळ नदीवर पूल झाला, आणि त्या पुलास प्रीतीचा पूल हें नांव पडलें.

शेतीच्या कामीं त्यांनीं निराळी युक्ति केली. त्यांच्या घराजवळच्या जमिनींतून लोकांची जाण्यायेण्याची वाट होती. तेथें त्यांनीं खोल चर खणले, खत घातलें, व फळझाडें लाविलीं; कोणास एक शब्दही सांगितला नाहीं. त्या नापीक भूमींत झाडें फोफावलेलीं पाहून लोक आपण होऊन विचारूं लागले, तेव्हां कलम कसें करावें हें त्यांनीं शिकविलें. पुढें दृढीकरणास येणाऱ्या प्रत्येक तरुणानें दोन झाडें लाविल्याचा दाखला आणावा, असा नियमच त्यांनीं केला. बटाट्याचें नवें बियाणें, जवस व क्लोव्हर नांवाचा चारा त्यांनीं आणविला. झाडांचीं पानें, जुनीं लोंकरी चिंधुकें, फाटके जोडे, जें कुजतें तें त्यांनीं खतांत घातलें. हुशार मुलांस शहरीं पाठवून गवंडी, लोहार, सुतार व गाड्या करणारे तयार केले, म्हणजे गांवचा पैसा गांवांतच फिरूं लागला.

त्यांच्या कर्जनिधीविषयीं थोडें सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें. पाळकाच्या हातीं पैसा आला कीं मागणारे वाढतात व काम करणारे घटतात, हें आम्हीं आमच्या कामांत अनेकदां पाहिलें आहे. ओबर्लिन ह्यांनीं व्याज घेतलें नाहीं, पण मुदत कडक ठेविली. ठरल्या दिवशीं जो फेडीना, त्यास कांहीं काळपर्यंत पुन्हां कर्ज मागतां येत नसे. शेतीचीं हत्यारें मूळ किंमतीस उधार मिळत, व तीही उधारी चुकवावी लागे. दया आणि हिशेब एकाच वहींत कसे मांडावे, हें त्यांस ठाऊक होतें.

आईबाप शेतांत गेले असतां लहान मुलें रानोमाळ भटकत. सारा बांझे नांवाच्या मुलीच्या हातून त्यांस विणकाम, गाणीं व वनस्पतींचीं नांवें शिकविण्याची सोय झाली. ती १७७४ सालीं तरुणपणींच वारली. पुढें लुईझ शेप्लर हिनें तें काम चालविलें. पाळकांची पत्नी १७८३ सालीं वारल्यावर त्यांचीं मुलेंही हिनेंच वाढविलीं, व पगार नको म्हणून सांगितलें.

सर्वच सिद्धीस गेलें असें नाहीं. घरोघर कापूस कातून लोक चार पैसे मिळवीत. यंत्रांच्या गिरण्या निघाल्या, आणि चरखे थांबले. वीस वर्षांचा संसार एका यंत्रानें मोडूं पाहिला. १८१३ च्या सुमारास बाझल येथील लग्रां ह्या कुटुंबानें फिती विणण्याचा धंदा खोऱ्यांत आणला, आणि माग मजुरांच्या घरींच बसविले, म्हणून कुटुंबें मोडलीं नाहींत. त्याच सालीं रानाच्या हक्काविषयींचा, ऐंशीहून अधिक वर्षें चाललेला दावा ओबर्लिन ह्यांच्या मध्यस्थीनें मिटला. पेढ्या पाहणाऱ्या वकिलांवर जो पैसा जाई तो वांचला.

१ जून १८२६ रोजीं ते वारले. वाल्डर्सबाखहून फूदे गांवच्या स्मशानापर्यंत लोकांची रांग लागली होती. तींत शेजारच्या गांवांतील रोमन कॅथलिक बायकाही होत्या, आणि त्या वाटेच्या कडेस गुडघे टेकून प्रार्थना करीत होत्या.