सम्राट अशोक आणि तीन दिवसांची मुदत



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तो दिवस अशोक विजयादशमीचा होता. त्यामुळे अशोकाचे नाव आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक आहे. कलिंगच्या युद्धानंतर त्याने तलवार म्यान केली, हेही ठाऊक आहे. पण राज्य म्हटले की गुन्हे आले, गुन्हे म्हटले की शिक्षा आली. धम्माच्या वाटेने जाणाऱ्या राजाने गुन्हेगाराचे काय केले?

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू व बिंदुसाराचा पुत्र. इ. स. पूर्व २६८ च्या सुमारास त्याचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर आठ वर्षांनी त्याने कलिंग जिंकले. त्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली व दीड लाख कैद करून नेली गेली, हे त्याने स्वतःच शिलालेखात कोरून ठेवले. आपल्या विजयाचा पश्चात्ताप दगडावर कोरणारा राजा विरळाच!

प्रत्यक्ष कलिंगातील धौली व जौगड येथे मात्र त्याने निराळे लेख कोरविले. त्यांत त्याने अधिकाऱ्यांना बजावले की, कोणालाही विनाकारण तुरुंगवास वा छळ होता कामा नये. मत्सर, राग, उतावळेपणा, आळस यांपासून न्याय करणाऱ्याने दूर राहावे.

अभिषेकानंतर २६ वर्षांनी त्याने चौथा स्तंभलेख कोरविला. न्यायाची रीत व शिक्षा सर्वांना समान असावी, अशी आज्ञा त्यात आहे. मनुस्मृतीने ब्राह्मणाला देहदंडातून वगळून मुंडनावर सोडले, हे आठवले म्हणजे या आज्ञेचे मोल कळते. त्याच लेखात देहदंड झालेल्या कैद्याला तीन दिवसांची मुदत दिली आहे. तेवढ्यात नातेवाइकांनी अधिकाऱ्यांना विनवून त्याचा जीव वाचवावा. न वाचला तर त्याने परलोकासाठी दान व उपवास करावा.

म्हणजे अशोकाने देहदंड रद्द केला नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जरब नसेल तर दुबळ्याचे रक्षण कोण करणार, हा प्रश्न आजही विचारला जातो व तो खोटा नाही. २००६ साली खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली सहा जणांना फाशी सुनावली गेली. २०१० साली उच्च न्यायालयाने ती २५ वर्षांच्या कारावासात बदलली. तेव्हा आपल्यातील अनेकांचे रक्त उसळले. ते स्वाभाविक होते.

पण दुसरी बाजूही पाहा. न्यायाधीश हा माणूसच आहे, त्याची चूक होऊ शकते. आणि गेलेला जीव परत आणता येत नाही. चांगला वकील श्रीमंताला मिळतो, गरिबाला मिळेलच असे नाही. शिवाय माणूस बदलतो. अंगुलिमालाला पकडायला पसेनदी राजा निघाला, तेव्हा तो तथागतांजवळ भिक्खू होऊन बसला होता. राजाने आधी त्याला मारले असते तर?

अशोक इ. स. पूर्व २३२ च्या सुमारास वारला. पुढे ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी देहदंड अजिबात रद्द करावा असे मत मांडले. आचरणात कमी पडत असला तरी हा देश अहिंसेचे तत्त्व मानतो, हे त्यांचे कारण होते. कायद्यात फाशी आजही आहे. १९८० पासून ती केवळ अत्यंत अपवादात्मक प्रकरणी द्यावी असा सर्वोच्च न्यायालयाचा दंडक आहे.

अशोकाने तीन दिवस दिले. बाबासाहेबांना संपूर्ण आयुष्य द्यावयाचे होते. अन्याय झाला की न्यायासाठी आपण जरूर झगडावे; पण न्याय मागताना पहिले शील विसरू नये.