विश्लेषण : गाण्याआधी खर्ज! अब्दुल करीम खाँ यांच्या मिरजेतून बेस वादकांनी काय शिकावे?

गणेशोत्सव, यात्रा, लग्नसराई, कॉलेजचे स्नेहसंमेलन… सातारा-सांगली पट्ट्यात वर्षभर कुठे ना कुठे मंच उभा असतो. त्यावर गायक दिसतो, ढोलकी आणि कीबोर्ड ऐकू येतात. मागे उभा असलेला बेस गिटारवाला मात्र चुकला तरच लक्षात येतो. सगळ्यांच्या खाली राहून सूर धरून ठेवणाऱ्या तारेचे महत्त्व ज्यांनी आयुष्यभर जपले, ते किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच भागात, मिरजेत राहिले. त्यांच्या हाती बेस गिटार नव्हती, तंबोरा होता. पण मंचावर जाण्यापूर्वी वाद्य कसे तयार करायचे, याचे उत्तर त्यांच्या आयुष्यात जागोजागी सापडते.

अब्दुल करीम खाँ मिरजेत कसे आले?

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. घराण्याला किराणा हे नाव याच गावावरून पडले. घरात गाणे होते, तशी सारंगी आणि बीनही होती. गळ्याइतकाच तारेचा अभ्यास लहानपणापासून झाला. वडील काले खाँ आणि काका नन्हे खाँ यांच्याकडे तालीम घेतल्यावर तरुण वयात ते भावासोबत बडोदा दरबारी गायक झाले. तिथेच सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागल्या. दोघांनी एकत्र आयुष्य काढायचे ठरवले. वेगळा धर्म, वेगळी सामाजिक पातळी आणि त्यात दरबाराशी जवळीक असलेले घराणे, यामुळे बडोदा सोडावे लागले. मुंबईमार्गे ते मिरजेत आले.

प्लेगच्या दिवसांत खाँसाहेब आजारी पडले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी गायनसेवा केली आणि ते बरे झाले, अशी श्रद्धा मिरजेत आजही सांगितली जाते. दर्ग्याशी जुळलेले हे नाते त्यांच्या मृत्यूनंतरही तुटले नाही. कन्या हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे यांचा जन्म मिरजेतलाच, अनुक्रमे १९०५ आणि १९१३ सालचा.

मिरजच का?

पटवर्धन संस्थानिकांच्या या गावात गाण्याला आधीपासून मान होता. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे शिकवत असत आणि विष्णु दिगंबर पलुस्करांनी त्यांच्याकडे इथेच विद्या घेतली. जवळच्या कुरुंदवाडात रहिमत खाँ यांचे वास्तव्य होते. त्यांच्या आर्त, संथ गाण्याचा अब्दुल करीम खाँ यांच्या गायकीवर खोल परिणाम झाला, असे जाणकार मानतात.

आणखी एक कारण कारागिरांचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांची मागणी घटली, तेव्हा मिरजेतील शिकलगार कुटुंबे तंतुवाद्यांकडे वळली. फरीदसाहेब हे त्यांतले आद्य नाव. पंढरपूर-मंगळवेढा भागातले मोठे भोपळे, तूणाचे लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेला हात यांतून मिरजेचा तंबोरा घडला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सुराबाबत कमालीच्या हळव्या गायकाला वाद्य घडवणारे हात हाकेच्या अंतरावर मिळणे, ही मोठी सोय होती.

खर्जाची तार म्हणजे काय?

तंबोऱ्याला साधारणपणे चार तारा असतात. पहिली पंचमाची, रागानुसार ती मध्यम किंवा निषादात मिळवतात. मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे मध्य षड्जाच्या. चौथी खर्जाची, षड्जाच्याच पण खालच्या सप्तकातली. चारही तारांची लांबी सारखीच. मग खर्जाचा सूर निम्म्या कंपनसंख्येवर कसा येतो? तार जड असते म्हणून. जोडाला पोलादी तार लावतात, तर खर्जाला जाड पितळी. बेस गिटारच्या जाड, गुंडाळी केलेल्या तारांमागेही हेच गणित आहे. तिची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते.

खर्जाची खरी गंमत पुढे आहे. ती छेडली की मूळ सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूरही उमटतात. घोडीवरची जवारी नीट काढलेली असेल आणि तारेखाली सुताचा दोरा योग्य जागी बसलेला असेल, तर हे वरचे सूर खुलून येतात. पाचपटीचा सूर म्हणजे गंधार. कोणीही तो वाजवलेला नसतो, पण ऐकू येतो. गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खालचा एक सूर शुद्ध असला की वरचे सूर आपोआप जागेवर येतात आणि खालचा ढळला की वरचे सगळेच डळमळते.

मैफलीआधी खाँसाहेब काय करत?

तंबोरे मनासारखे लागल्याशिवाय गाण्याला हात घालायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता होता. वाद्यदुरुस्तीचे कौशल्य त्यांच्याकडे होते आणि त्यासाठीची हत्यारे ते सोबत बाळगत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. त्या काळात ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत जे पोहोचायचे ते गळा आणि तंबोरा यांच्या मिळण्यातून. खाँसाहेबांचा आवाज बारीक, उंच पट्टीचा आणि नाजूक. ताकदीने सभा जिंकणे हा त्यांचा मार्ग नव्हता. एकेक सूर सावकाश लावून तो भरत नेणे, ही किराण्याची ओळख. अशा गाण्यात तंबोरा किंचित जरी उतरला तरी लपायला जागा नसते.

तंबोरा लावण्याचा क्रमही शिकण्यासारखा आहे. आधी जोडाच्या दोन तारा एकमेकींत मिसळायच्या. दोन तारांमध्ये सेकंदाला एका कंपनाचा फरक असेल, तर सेकंदाला एक लाट ऐकू येते. लाट मंदावत जाऊन थांबली की जोड मिळाला. मग खर्ज, मग पंचम. खुंटीने ढोबळ सूर आणायचा, घोडीमागच्या मण्याने बारीक फरक काढायचा आणि शेवटी जवारीचा दोरा केसभर सरकवून झंकार उघडायचा.

साताऱ्याचा यात काय संबंध?

इंग्रज न्यायाधीश ई. क्लेमंट्स आणि सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९११ मध्ये साताऱ्यात फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया स्थापन केली. हिंदुस्थानी गायक प्रत्यक्षात कोणते सूर लावतात, हे मोजून बावीस श्रुती निश्चित करण्याचा देवलांचा ध्यास होता. त्यांचे बावीस श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये निघाले. या प्रयोगांसाठी त्यांना असा गळा हवा होता, जो एकच सूर पुन्हा पुन्हा त्याच जागी लावेल. तो त्यांना अब्दुल करीम खाँ यांच्या रूपाने मिळाला.

मुद्दा काय होता? हार्मोनियमच्या पट्ट्या सप्तकाचे बारा समान भाग करून लावतात. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग मानले, तर पेटीचा शुद्ध गंधार ४०० व्या भागावर पडतो. खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार मात्र साधारण ३८६ वर असतो. हा चौदा भागांचा फरक सवयीच्या कानाला स्पष्ट खुपतो. यावर उपाय म्हणून श्रुती हार्मोनियम तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर बराच वाद झाला. सर्व सूर एका पेटीत कायमचे बसवण्याची कल्पना पुढे रुजली नाही. गायक रागागणिक सूर किंचित हलवतो आणि पेटीला ते जमत नाही. तंबोरा टिकला, कारण तो गायकावर सूर लादत नाही, फक्त आधार देतो.

कीर्ती वाढली, घर मात्र का विस्कटले?

१९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. घराण्याची विद्या आप्तांपुरती झाकून ठेवण्याच्या काळात त्यांनी जात-धर्म न पाहता मुलांना शिकवले, त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय केली आणि विद्यार्थ्यांचे जाहीर जलसे केले. खर्च भागवण्यासाठी स्वतः सतत दौरे केले. म्हैसूर दरबाराने त्यांना बोलावले, दक्षिणेत ते लोकप्रिय झाले आणि कर्नाटक संगीतातील सरगम त्यांनी आपल्या गाण्यात सामावून घेतली.

या धावपळीची किंमत घराने मोजली. १९२२ मध्ये ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचे नाव लावले नाही. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कमलाबाई बडोदेकर, कृष्णराव माने आणि सरस्वती राणे या नावांनी ती वाढली. त्यांपैकी सुरेशबाबू, हिराबाई आणि सरस्वतीबाई पुढे थोर कलावंत ठरल्या. वडिलांचे नाव गेले, गायकी मात्र गेली नाही. खाँसाहेब विद्यालयाचा व्याप आवरून मिरजेत परतले. उतारवयातल्या त्यांच्या झिंझोटी आणि भैरवीतील ठुमऱ्यांच्या तबकड्या आजही मोबाइलवर ऐकल्या जातात. तीन मिनिटांच्या त्या ध्वनिमुद्रणात आर्तता आहे, पण कुठेही घाई नाही.

त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर म्हणजेच सवाई गंधर्व. त्यांच्याकडून ही विद्या गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन जोशी यांच्यापर्यंत पोहोचली.

आजच्या बेस वादकाने यातून नेमके काय घ्यावे?

पहिले, तारा. नव्या तारा कार्यक्रमाच्या दिवशी चढवू नयेत. एक-दोन दिवस आधी लावून, हाताने हलके ताणून, पुन्हा पुन्हा सुरात आणाव्यात. नवी तार बसेपर्यंत उतरत राहते.

दुसरे, हवा. एसी गाडीतून उतरवलेले वाद्य लगेच सुरात लावून उपयोग नाही. उघड्या मैदानावर, दमट हवेत लाकूड आणि तार दोन्ही बदलतात. वाद्य मंचाजवळ अर्धा तास ठेवावे आणि मग मिळवावे. पहिल्या दोन गाण्यांनंतर पुन्हा तपासावे.

तिसरे, कान. ट्यूनर जरूर वापरावा, पण शेवटी कीबोर्डच्या सुराशी लाट थांबते का, हे ऐकावे.

चौथे, पिशवी. तारांचा जादा संच, जादा केबल, बॅटरीवर चालणारे वाद्य असेल तर नवी बॅटरी, तारा कापायची पक्कड आणि घोडी जुळवायची चावी. खाँसाहेबांच्या हत्यारांचे हे आजचे रूप.

पाचवे, आवाज. खालचे सूर मंचावर आणि भिंतीलगत घुमतात, त्यामुळे वादकाला जे ऐकू येते ते प्रेक्षकांपर्यंत तसेच पोहोचत नाही. सूर तपासताना सहकाऱ्याला मैदानाच्या टोकाला उभे करावे. घुमत असेल तर आवाज वाढवण्याऐवजी खालचा भाग थोडा कमी करावा.

सहावे आणि सर्वांत महत्त्वाचे, संयम. खालच्या सप्तकात षड्जासोबत गंधार दाबला की गढूळ ऐकू येते. षड्ज आणि पंचम मात्र स्वच्छ मिसळतात. समान बारा भागांतला पंचम शुद्ध पंचमापासून जेमतेम दोन भाग दूर असतो. म्हणून गायक वर फिरत असताना बेसने खाली मोजकेच बोलावे.

अखेरचा तंबोरा कुठे लागला?

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब दक्षिणेच्या दौऱ्यावर होते. मद्रासहून पाँडिचेरीला अरविंदांच्या आश्रमाकडे जाताना रेल्वेत छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळकोईल या लहान स्टेशनावर ते उतरले. फलाटावरच बिछाना घातला गेला. त्यांनी तंबोरा लावायला सांगितला, नमाज अदा केली, दरबारी रागात प्रार्थना म्हटली आणि देह ठेवला, असे त्यांच्या शेवटाबद्दल सांगितले जाते. तारीख होती २७ ऑक्टोबर. ना सभा होती, ना श्रोते. तरीही आधी तंबोरा लागला आणि मगच सूर उमटला.

त्यांचा देह मिरजेला आणून दर्ग्याच्या परिसरात दफन करण्यात आला. दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते आणि देशभरातले कलावंत तिथे हजेरी लावतात. प्रत्येक जण बसल्यावर आधी तंबोऱ्याकडे वळतो आणि खर्जाची तार तपासतो.