अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस
डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस (१ एप्रिल १८५६ : हडफडे, गोवा – १९३३) हे मुंबईतील गाठीच्या प्लेगचे निदान करणारे डॉक्टर होते. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील शिक्षणानंतर त्यांनी मुंबईतच व्यवसाय केला.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये गोदीजवळच्या मांडवी भागातील दाट वस्तीत त्यांना तीव्र ताप आणि जांघेत गाठ आलेले रुग्ण आढळले. हा गाठीचा प्लेग असल्याचे त्यांनी २३ सप्टेंबर रोजी जाहीर केले. परदेशी व्यापारावर जगणाऱ्या बंदराच्या शहरात हे नाव उच्चारणे धाडसाचेच होते. प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये सापडून जेमतेम दोन वर्षे झाली होती; उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवतात, हे सिमाँ यांनी कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये. गाठीतील द्रव पट्टीवर तपासून पाव तासात प्लेग ओळखण्याची चाचणी तर मादागास्करमधील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. व्हिएगस यांचा मुख्य आधार होता तो रुग्णाच्या प्रत्यक्ष तपासणीचा.

सरकारने इतर तज्ज्ञांकडून खातरजमा करून घेतली आणि निदान खरे ठरले. त्यानंतर मुंबईत आलेल्या वाल्देमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेमुळे हाफकिन यांचे नाव सर्वतोमुखी झाले. व्हिएगस मात्र काहीसे विस्मृतीत गेले.

१९०६ मध्ये ते मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले. धोबी तलाव येथे मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा आहे.